गाय व्याली की लगेच भरपूर खुराक दिला तर दूध वाढेल का?
नाही, एकदम नका वाढवू, उलट पोट बिघडेल. गाभणपणाच्या शेवटी वासराने जागा अडवलेली असते आणि हार्मोन्सही बदलतात म्हणून गाय कमी खाते, आणि कोटीपोटाच्या (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटाच्या) आत जे बारीक बोटांसारखे उंचवटे असतात (आम्ल तेच शोषून घेतात) ते भरड्याला (दळलेल्या धान्याच्या खुराकाला) सरावून वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्याआधी भरडा ओतला की आम्ल साचून ॲसिडोसिस. दूध दीड-दोन महिन्यांत टॉपला जातं, भूक त्याच्या मागून येते, तोवर गाय अंगावरची चरबी जाळते म्हणून थोडी बारीक दिसणारच. व्यायच्या २-३ आठवडे आधीपासून थोडा थोडा खुराक चालू करा, चारा तोडू नका. खाणंच सोडलं तर मात्र डॉक्टर बोलवा, किटोसिस (चरबी फार जळाल्याने होणारा आजार) असू शकतो.