एकाच पट्टीच्या दोन विंडो

प्रश्न : कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील एका गुळाच्या अडत दुकानासाठी मी सी शार्प भाषेत, विंडोज फॉर्म्स (विंडोजवरच्या विंडो तयार करण्याची मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधील सोय) वापरून, हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला आहे. यादीतील पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशेबावर, क्लिक केले की तिची विंडो उघडते. पुन्हा क्लिक केले की त्याच पट्टीची दुसरी विंडो उघडते. मध्यंतरी दिवाणजींनी एका विंडोत हमालीचा आकडा दुरुस्त केला, नंतर मागे राहिलेल्या जुन्या विंडोत तोलाई बदलून ‘सेव्ह’ दाबले आणि हमालीची दुरुस्ती पुसली गेली. ‘शोडायलॉग’ वापरून पाहिले, पण मग दोन पट्ट्या शेजारी शेजारी उघडता येत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दिवाणजींची तक्रार रास्त आहे. ‘शोडायलॉग’ने उघडलेली विंडो बंद होईपर्यंत प्रोग्रॅमच्या इतर विंडो अडून राहतात, त्यामुळे दुहेरी विंडो टळते खरी, पण सौद्यानंतरच्या गर्दीत दोन पट्ट्या ताडून पाहायच्या असणाऱ्या माणसाचे कामही अडते.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक क्लिकला ‘न्यू’ने नवा फॉर्म, म्हणजे नवी विंडो, तयार होऊन ‘शो’ने दाखवला जात असणार. यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे डॉटनेट फ्रेमवर्क २.० पासून, म्हणजे २००५ पासून, उपलब्ध असलेली ‘ॲप्लिकेशन.ओपनफॉर्म्स’ ही यादी तपासणे आणि त्या प्रकारचा फॉर्म आधीच उघडा असेल तर नवा न उघडणे. सेटिंगच्या विंडोसाठी हे पुरेसे आहे. पट्टीसाठी मात्र नाही, कारण नुसता प्रकार तपासला तर संपूर्ण प्रोग्रॅममध्ये एकच पट्टी उघडेल आणि तुम्ही पुन्हा ‘शोडायलॉग’च्याच अडचणीत सापडाल. तुम्हाला प्रत्येक पट्टीमागे एक विंडो हवी आहे.

म्हणून मुख्य फॉर्ममध्ये एक ‘डिक्शनरी’ ठेवा, जिच्यात पट्टीक्रमांक ही किल्ली असेल आणि त्या पट्टीचा उघडा फॉर्म हे मूल्य असेल. (किल्ली म्हणून शेतकऱ्याचे नाव घेऊ नका, आपल्या जिल्ह्यात एकाच दिवशी किती पाटील गूळ घेऊन येतात, हे तुम्हाला सांगायला नको.) क्लिक झाल्यावर आधी डिक्शनरीत पाहावे. क्रमांक सापडला, तर तो फॉर्म मिनिमाइझ केलेला असल्यास ‘विंडोस्टेट’ नॉर्मल करून ‘ॲक्टिव्हेट’ करावा. सापडला नाही, तरच नवा फॉर्म तयार करून त्याची नोंद घालावी. मिनिमाइझची तपासणी वगळू नका, कारण नुसत्या ‘ॲक्टिव्हेट’वर विसंबल्यास विंडो खाली टास्कबारवरच राहू शकते आणि वापरणाऱ्याला वाटते की क्लिकच लागला नाही. ज्या नव्या पट्टीला अजून क्रमांक मिळालेला नाही, तिची नोंद पहिल्या ‘सेव्ह’नंतर करावी.

फॉर्म बंद होताना नोंद काढून टाकणेही तितकेच आवश्यक आहे. ती राहिली, तर पुढच्या वेळी नष्ट झालेलाच फॉर्म तुमच्या हाती येईल आणि त्याला ‘शो’ करताच ‘ऑब्जेक्टडिस्पोज्डएक्सेप्शन’ ही त्रुटी मिळेल. नोंद काढण्याचे काम ‘फॉर्मक्लोज्ड’ या इव्हेंटमध्ये करा, ‘फॉर्मक्लोजिंग’मध्ये नव्हे, कारण ‘बदल सेव्ह करायचे का?’ या प्रश्नावर दिवाणजींनी ‘कॅन्सल’ दाबले, तर विंडो उघडीच राहील, पण नोंद मात्र गेलेली असेल आणि दुहेरी विंडोला पुन्हा वाट मिळेल.

ही डिक्शनरी प्रोग्रॅमच्या एकाच प्रतीच्या मेमरीत असते, त्यामुळे डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून प्रोग्रॅमच पुन्हा सुरू केला, तर तिचा उपयोग नाही. त्यासाठी सुरुवातीलाच ठरावीक नावाचा ‘म्यूटेक्स’ (प्रोग्रॅमच्या सगळ्या प्रतींना दिसणारी एक खूण) तयार करावा आणि त्या नावाचा म्यूटेक्स आधीच अस्तित्वात असल्यास नव्या प्रतीने तेथूनच परतावे. म्यूटेक्स स्थानिक व्हेरिएबलमध्ये न ठेवता स्टॅटिक फील्डमध्ये ठेवा. अन्यथा पुढे न वापरलेले ते व्हेरिएबल रिलीज बिल्डमध्ये (दुकानात द्यायच्या आवृत्तीत) गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणारी यंत्रणा, मध्येच उचलू शकतो आणि तुमच्या मशीनवर चोख चाललेली तपासणी दुकानात गेल्यावर अधूनमधून फसते.

आता हमालीच्या आकड्याबद्दल, आणि माझ्या मते हे काम वरच्या सगळ्याच्या आधी करायला हवे. आकडा पुसला गेला तो दोन विंडोंमुळे नव्हे, तर तुमचे ‘सेव्ह’ पट्टीचे सगळे रकाने जुन्या मजकुरासह परत लिहिते म्हणून. उद्या दुकानात दुसरा संगणक आला, तर डिक्शनरी आणि म्यूटेक्स दोन्ही असूनही हाच प्रकार घडेल. पट्टीच्या टेबलात आवृत्तीक्रमांकाचा एक रकाना ठेवा, ‘अपडेट’ करताना विंडो उघडतेवेळी वाचलेला आवृत्तीक्रमांक अटीत घाला आणि त्याच वेळी तो एकाने वाढवा. एकही ओळ बदलली नाही, तर पट्टी दरम्यान दुसरीकडून बदलली गेली आहे, असे समजून सेव्ह थांबवावे आणि दिवाणजींना ताजी पट्टी दाखवावी.