आंदोलन 'छेडतात' का?

प्रश्न असा आला आहे: चळवळ आणि आंदोलन यांत फरक काय, आणि आंदोलन 'छेडले' म्हणणं बरोबर का?

आधी छेडण्याचं बघू, कारण 'तीव्र आंदोलन छेडण्याचा इशारा' ऐकून कान किटले आहेत. हा हिंदीचा उसना माल. मराठीत छेड काढतात, तार छेडतात. आंदोलन करतात, उभारतात, पुकारतात. एवढी क्रियापदं घरात असताना शेजाऱ्याकडे कशाला जायचं?

पण खरी मौज पुढेच आहे. आंदोलनाच्या पोटात संस्कृत 'दोल' आहे, म्हणजे झोका. डोलणे, डोली, हिंदोळा हे सगळं त्याच गोतातलं. दरबारी कानडा रागातल्या गंधार स्वराला आंदोलित म्हणतात तो याच अर्थानं: स्वर एका जागी ठाम उभा न राहता संथ झुलतो. पुढे 'ॲजिटेशन'ला प्रतिशब्द हवा झाला. त्या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधलं हलवणं, ढवळणंच आहे, त्यामुळे आपला झोका तिथे अलगद बसला. आता जुळवा: तार छेडली की काय होतं? तार आंदोलित होते! म्हणजे बातमीदार चुकतो, पण चुकून नेमक्या जागी बोट ठेवतो.

माझं तर मत आहे की लोक रस्त्यावर येतात तेव्हा हा जुना झोका शरीरातून परत वर येतो. नोव्हेंबर 1989 मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध प्रागच्या व्हेन्सेस्लास चौकात जमलेल्यांनी काय केलं? खिशातल्या घरच्या किल्ल्या काढल्या, हात वर केले आणि त्या खुळखुळवल्या. लाखोंच्या गर्दीत, एकदम. शेवटची घंटा झाली, आता निघा, असा त्याचा अर्थ. डिसेंबर संपायच्या आत विरोधकांचे नेते, नाटककार वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. सोव्हिएत अमलाखालच्या एस्टोनियात 1988 साली लोक टाल्लिनच्या गायन-मैदानावर जमून रात्र रात्र गात होते. त्यांच्या स्वातंत्र्यलढ्याचं नावच 'गाणारी क्रांती' पडलं. (याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी सोडवत नाही.)

काही शब्दपंडित ठासून सांगतात की चळवळ दीर्घकाळ चालते, आंदोलन तात्पुरतं असतं. कुठून आणलं हे? पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, बंगालीसाठीचं 'भाषा आंदोलन' 1948 ला पेटलं, 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि बंगालीला पाकिस्तानच्या घटनेत जागा मिळाली 1956 साली. आठ वर्षांना तात्पुरतं म्हणायचं? उलट 1990 चं नेपाळचं 'जनआंदोलन' काही आठवड्यांत राजाची पक्षबंदीवाली 'पंचायत' राजवट मोडून मोकळं झालं. आणि 1942 चा एकच लढा हिंदीत 'भारत छोडो आंदोलन', मराठीत 'चले जाव चळवळ'. घड्याळ लावून शब्द वाटता येत नाहीत, पंडितहो.

हां, चळवळ. ती आपल्या घरची. 'चळ' म्हणजे हलणं. 'वळवळ', 'चुळबुळ' या तिच्या मावसबहिणी. एका जागी न बसणाऱ्या पोराला आपण चळवळ्या म्हणतो, ते राजकारणाशी काडीचाही संबंध नसताना. (चळ लागल्याशिवाय चळवळ होत नाही, हा विनोद माझ्यापर्यंत पोचलेला आहे.) वापरात आज दोन्ही शब्द चालतात, हवा तो घ्या.

'छेडले' मात्र मी अजूनही लिहिणार नाही.