हाताने केलंस तेवढं सांग

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा बायोडेटा व्हॉट्सॲपवर मिळाला. तीन पानांचा आहे. मेकॅनिकल डिप्लोमा, फ्रेशर, याला तीन पानं कशाला लागली? पहिलं अर्धं पान ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावणे’ या ओळींनीच खाल्लंय. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक बायोडेटांत ही ओळ असते, पुष्कळदा स्पेलिंगच्या त्याच चुकीसकट. ती काढ. ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’ काढ. वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, छंद, सगळं काढ. उरेल ते एका पानात मावेल.

त्या पानावर काय हवं ते मला तुझ्या आईकडून कळलं, हे बघ कसं आहे. ट्रेनिंगच्या वर्कशॉपात ट्रॅक्टरचे बुश, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या नळ्या, व्हायचे आणि तुला फायनल इन्स्पेक्शनला, म्हणजे शेवटच्या तपासणीला, बसवलं होतं, हे बायोडेटात कुठेच नाही. तिथे नुसतं ‘इंडस्ट्रियल ट्रेनिंग पूर्ण’. अगं, तुझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच तर आहे! पार्ट कुठला, मटेरियल कुठलं, कुठल्या मशीनवर व्हायचा, तू काय मोजायचीस आणि कशाने, या चार ओळी लिही. मार्कांच्या टक्क्यांवर नजर टाकून मी पुढे जातो, या चार ओळींवर थांबतो.

कारण फ्रेशरला सगळं येत असेल अशी आमची अपेक्षाच नसते. कुठलीही कंपनी ट्रेनीला सुरुवातीला शिकवतेच. आम्हाला बघायचं असतं ते एवढंच, की या मुलीने जॉब, म्हणजे मशीनवरचा पार्ट, हातात घेतलाय की फक्त जर्नल उतरवलंय. आणि ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

कसं कळतं ते सांगतो. मुलाखतीत मी टेबलावर एक बुश ठेवतो, शेजारी त्याचं ड्रॉइंग आणि एक व्हर्निअर. ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे आतलं भोक, 25 एच 7. विचारतो, ‘हा बोअर चेक कर.’ दहातली आठ मुलं लगेच व्हर्निअर उचलतात, जबडे आत घालतात आणि ‘पंचवीस पॉइंट झीरो टू, ओके’ म्हणतात. आता तू विचार कर. 25 मिलिमीटरला एच 7 म्हणजे टॉलरन्स, चालणारा फरक, शून्य ते अधिक 0.021. म्हणजे बोअर 25.000 ते 25.021 मध्ये हवा. आणि हातातल्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याला मोजता येणारं सगळ्यात लहान माप, आहे 0.02. अख्खा टॉलरन्स जेवढा, तेवढी त्या व्हर्निअरची एक पायरी! त्याने ओके-नॉट ओके ठरणार कसं? अशा वेळी जो मुलगा व्हर्निअर खाली ठेवतो आणि ‘सर, प्लग गेज आहे का? नाहीतर बोअर गेज द्या,’ म्हणतो, त्याचं काम तिथेच निम्मं झालेलं असतं. प्लग गेजची बारीक गो साइड आत गेली पाहिजे, जाडी नो-गो जाता कामा नये, हे त्याने सांगितलं आणि वर ‘गेजचं कॅलिब्रेशन कधी झालंय?’ म्हणजे गेजचं माप खरं आहे का ते कधी तपासलंय, असं विचारलं, तर मी शेजारच्या एच.आर.वाल्याकडे बघून मान हलवतो.

तू रोज हेच करत होतीस ना? मग तुझ्या बुशचं ड्रॉइंग पुन्हा उघड. त्यातला एकेक आकडा का आहे ते स्वतःला विचार. बाहेरच्या व्यासाला टॉलरन्स वेगळा का? चॅम्फर, म्हणजे कडेचा उतार, कशाला दिलाय? प्रोजेक्शनचं, म्हणजे पार्टच्या बाजू कागदावर मांडायच्या पद्धतीचं, चिन्ह कुठलं आहे? आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, पण अमेरिका, जपानसारख्या देशांतल्या कस्टमरचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं आणि तिथे नवी पोरं आडवी होतात. एक पार्ट असा मुळापासून समजून घेतलास, तर यूट्यूबवरचे ‘टॉप 50 प्रश्न’ पाठ करण्याची गरज नाही. पाठ केलेलं उत्तर चेहऱ्यावर दिसतं. फाइव्ह-एसचे, म्हणजे कामाची जागा नीट ठेवायच्या पद्धतीचे, पाचही जपानी शब्द ओळीने म्हणून दाखवणाऱ्या मुलांना मी विचारतो, ‘तुमच्या ट्रेनिंगच्या कंपनीत रिजेक्ट मालाचा लाल बिन कुठे ठेवला होता?’ पुढे शांतता.

दुसरा हमखास प्रश्न रिजेक्शनचा. ‘तुला लाइनवर एक पीस अंडरसाइज सापडला, काय करशील?’ पुस्तकातलं उत्तर रूट कॉज अॅनालिसिसपासून सुरू होतं. शॉपफ्लोअरवर आधी तो पीस लाल बिनमध्ये जातो, सुपरवायझरला हाक जाते आणि मागच्या ओके चेकिंगपासून आतापर्यंत झालेला सगळा माल बाजूला काढून शंभर टक्के तपासला जातो. कारण शोधायचं ते त्यानंतर. हा क्रम तू डोळ्यांनी पाहिलायस, तर तसाच सांग.

‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की गाव, घर, भावंडं यांच्यापासून सुरू करू नकोस. डिप्लोमा, ट्रेनिंग, तो बुश, आणि क्वालिटीतच का काम करायचंय, बस. दोन मिनिटांच्या आत. इंग्रजीची तू फार धास्ती घेतलीयस असं आई म्हणाली. चाकणच्या शॉपफ्लोअरवर दिवसभर मराठी आणि हिंदी चालते. सुरुवातीची दोन वाक्यं इंग्रजीत नीट बसव, आणि पुढे अडलं तर सरळ विचार, ‘सर, मराठीत सांगू का?’ याला नाही म्हणणारा माणूस क्वचितच भेटेल. इंग्रजीत खोटं बोलण्यापेक्षा मराठीत बरोबर बोललेलं बरं. पण मेल आणि रिपोर्ट इंग्रजीत लिहावे लागतात, त्यामुळे तो सराव चालू ठेव, त्याला सुट्टी नाही. केटी लागली होती का, म्हणजे विषय राहिला होता का, असं विचारलं तर हो म्हण, विषय सांग आणि कधी निघाली ते सांग. मार्कशीट समोर असतेच.

तुला मुलगी म्हणून एक-दोन जास्तीचे प्रश्न येतील. ‘लग्नानंतर काय?’ हा त्यातला. प्रश्न चुकीचा आहे हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं, तरी विचारतो. चिडू नकोस, कहाणीही सांगू नकोस. ‘मला नोकरी करायची आहे, आणि चाकणजवळ मोशीत राहायची सोय केली आहे,’ एवढं पुरतं. राहायची सोय मात्र खरंच आधी बघून ठेव. शिफ्ट किती वाजता सुटते आणि कंपनीची बस कुठपर्यंत सोडते, हे तूही विचार. मुलाखतीत उलट प्रश्न विचारला म्हणून कुणाला राग येत नाही.

शोधायचं कुठे? सगळ्यांना गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांची गेटं दिसतात. त्यांच्या मागे चाकण, भोसरी, रांजणगावमध्ये त्यांना पार्ट पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आहेत आणि फ्रेशरला दार तिथेच लवकर उघडतं. मी तर म्हणेन पहिली दोन वर्षं तिथेच काढ. मोठ्या कंपनीत तू एकाच स्टेशनवर उभी राहशील, भोसरीच्या गाळ्यात इनवर्डपासून डिस्पॅचपर्यंत, म्हणजे माल आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंत, सगळं अंगावर पडेल. पगार कमी, शिकणं जास्त. गुरुवारी मात्र तिकडे बायोडेटा घेऊन जाऊ नकोस, त्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी वीकली ऑफ गुरुवारी असतो आणि वॉचमनशिवाय कुणी भेटत नाही.

ॲप्रेंटिसशिप मिळाली तर सोडू नकोस. डिप्लोमाची ती सहसा एक वर्षाची असते आणि 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली येते. वर्ष संपल्यावर कंपनीने घ्यायलाच पाहिजे असं बंधन नसतं, हे डोक्यात ठेवूनच जा. पण पुढच्या मुलाखतीत तू फ्रेशर राहत नाहीस.

पैशांचं नीट ऐक. 2.40 लाखांचं पॅकेज म्हणजे महिना वीस हजार हातात, असं समजून घरी पेढे वाटणारी पोरं मी पाहिली आहेत. समजा बेसिक 12,000 धरला. त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ म्हणजे 1,440 रुपये, तो सीटीसीतच, म्हणजे त्या पॅकेजातच, मोजलेला. ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, तेही त्यातच. ईएसआयचा, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा, कंपनीचा वाटा, तोही. मग तुझ्या पगारातून तुझा स्वतःचा 1,440 पीएफ आणि ईएसआय कापला जाणार. हातात सोळा हजारांच्या आसपास, त्यातून कॅन्टीन आणि बस. प्रोफेशनल टॅक्स तेवढा तुला लागणार नाही, महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना 2023 पासून तो माफ आहे. म्हणून ‘इन-हँड किती?’ हे स्पष्ट विचार. आणि त्याहून आधी विचार, ‘कंपनी रोलवर की ठेकेदाराकडून?’ काम, मशीन, युनिफॉर्म सारखाच असतो, पण स्लिपवर नाव कुणाचं आहे त्यावर पुढचं पुष्कळ ठरतं. ठेकेदाराकडून घेतलंस तरी हरकत नाही, पण यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, मागून घे आणि दोन-तीन महिन्यांनी पासबुकात पीएफ जमा होतोय का ते बघ.

नोकरी लावून देतो म्हणून रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचे पैसे, डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस, तो कितीही ओळखीचा असो. आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाच्या ताब्यात ठेवायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत पिशवीत.

आता तू दोन कामं कर. नवा एकपानी बायोडेटा पाठव, फोटोत नको, पीडीएफ. आणि त्या बुशवर तुला काय काय सांगता येतं ते स्वतःच्या अक्षरात कागदावर काढून पाठव, आकडे, गेजची नावं, स्केच, सगळं. ट्रेनिंगवाल्यांचं ड्रॉइंग मात्र पाठवू नकोस, कस्टमरची ड्रॉइंगं बाहेर द्यायची नसतात. रविवारी संध्याकाळी फोन करतो. मी प्रश्न विचारीन, आई शेजारी बसली तरी चालेल, पण उत्तरं तिने द्यायची नाहीत.

तुझा,
काका