बोनेट उघडायला शिका: वाचकांचे प्रश्न

आपल्या गाडीची दुरुस्ती आपण कितपत शिकावी, हा विषय मागच्या वेळी काढला होता. बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतो.

आठ वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे. वडील त्यांच्या मारुती ८०० चा कार्बोरेटर घरी साफ करायचे. आता सगळा कारभार सेन्सर आणि कॉम्प्युटरचा. मग शिकून करायचं काय?
– वाचक, नाशिक

कार्बोरेटर गेला, हे खरं. फ्युएल इंजेक्शन आलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं. पेट्रोल किती सोडायचं आणि स्पार्क कधी द्यायचा, हे आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. पण गाडी रस्त्यात उभी राहते ती अजून बहुतेक वेळा जुन्याच कारणांनी: बॅटरी, टायर, कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव), फ्यूज, बेल्ट. ही पाच ठिकाणं तुमच्या गाडीत नेमकी कुठे आहेत, तिथून सुरुवात करा.

बॅटरीचंच बघा. सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक वाजतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, तेव्हा बरेच जण थेट नवीन बॅटरी आणतात. आधी टर्मिनल बघा. तिथे पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह काढा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा आणि उलट क्रमाने घट्ट बसवा. एक साधा मल्टिमीटरही घरात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नका. पण चालू इंजिनावरही आकडा बारापाशीच अडकून राहिला, तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याचा बेल्ट तपासायला हवा. नवी बॅटरी टाकलीत तरी तीही अशीच उतरेल.

कॉम्प्युटरलाही घाबरू नका. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीचा बिघाड तपासायचं, सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसतो. फक्त एक लक्षात ठेवा: ताप आला आहे एवढंच कोड सांगतो, कशामुळे ते शोधावं लागतं. माझ्याकडे एक गाडी आली होती, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आधीच्या गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला होता, तरी डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पुन्हा लागत होता. इनटेकजवळचा एक रबरी पाइप मागच्या बाजूने तडकला होता आणि तिथून जास्तीची हवा आत जात होती. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. मालकाला त्या कोडचा अर्थ माहीत असता, तर सेन्सरचे पैसे देण्याआधी त्याने ‘पाइप बघितलात का?’ एवढं नक्की विचारलं असतं. शिकायचं ते यासाठी.

मी चिपळूणला शिक्षिका आहे. कुंभार्ली घाटातून कराडला अनेकदा एकटी जाते. गेल्या मे महिन्यात घाटात तापमानाचा लाल दिवा लागला. एका टेम्पोवाल्यांनी रेडिएटरचं झाकण काढून पाणी ओतायला सांगितलं. मी काढलं नाही. बरोबर केलं का?

ताई, अगदी बरोबर केलंत. टेम्पोवाल्या भावांचा हेतू चांगला होता, पण सल्ला हात भाजणारा होता. कूलंट दाबाखाली असतं. त्या झाकणातली स्प्रिंग साधारण एक बार दाब धरून ठेवते, म्हणून शंभर अंशांच्या वर गेलं तरी ते उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, सगळं एकदम उकळतं आणि वाफेसकट तोंडावर, हातावर येतं.

चढावर तापमान वाढताना दिसलं की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात ठेवा. उकाड्यात जीव नकोसा होतो, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. बऱ्याच लहान गाड्यांत आता काटा नसतो, थेट लाल दिवाच लागतो. तो लागला की जागा बघून बाजूला घ्या, इंजिन बंद करा, चाकामागे दगड लावा आणि किमान पाऊण तास थांबा. मग कूलंटच्या पारदर्शक टाकीतली पातळी बघा. पाणी ओतायची वेळ आलीच, तर इंजिन निवल्यावर, झाकणावर जाड फडकं धरून ते हळूहळू सैल करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो. नुसतं पाणी ओतलं असेल, तर घरी पोचल्यावर योग्य कूलंट भरून घ्या.

आता कारण. घाटात वेग कमी आणि इंजिनावर ताण जास्त. समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. म्हणून सपाटीला ठीक चालणारी गाडी घाटात तापते. घरीच तपासा: गाडी चालू करा, एसी लावा, बोनेट उघडून लांबूनच ऐका. थोड्या वेळात पंखा फिरला पाहिजे. नाही फिरला, तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने मेकॅनिककडून बघून घ्या. पंखा ठीक आहे, खाली कुठे थेंब नाही, तरीही दर महिन्याला कूलंट कमी होतंय, तर डिपस्टिक (इंजिन ऑइल बघायची पट्टी) काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं असण्याची दाट शक्यता आहे. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

‘कराड आलंच आता’ म्हणत लाल दिव्यावर रेटलेल्या गाड्यांची वाकलेली हेडं मी पाहिली आहेत. कूलंटच्या एका किरकोळ किमतीच्या रबरी पाइपापायी अख्खं इंजिन उघडावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलीला नुकतंच लायसन्स मिळालं. तिला आधी काय शिकवू? घरचे म्हणतात, पंक्चरवाल्याला फोन केला की काम होतं.
– एक आई, पुणे

स्टेपनी बदलायला. रविवारी पार्किंगमध्ये, उजेडात, तुम्ही शेजारी उभ्या राहून तिच्या हाताने बदलून घ्या. रात्री ताम्हिणीत रेंज नसताना तोच सराव कामाला येईल.

क्रम महत्त्वाचा. हँडब्रेक, पहिला गिअर, विरुद्ध चाकाला दगड. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, नाहीतर उचललेलं चाक पान्याबरोबर फिरतं. पंक्चरवाल्याच्या एअर गनने आवळलेले नट हाताला हलत नाहीत, तेव्हा पाना आडवा लावून त्यावर पायाने भार द्यायचा. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेतच लावायचा. नट बसवताना समोरासमोरचे आळीपाळीने, आणि शेवटचं आवळणं चाक खाली टेकल्यावर. काही किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे.

आणि महिन्यातून एकदा स्टेपनीतही हवा बघा. डिकीत ठेवून विसरलेली स्टेपनी ऐन वेळी बसलेली निघते. तुमच्या गाडीत स्टेपनीऐवजी पंक्चर किट दिलं असेल, तर तिला ते वापरायला शिकवा.

व्हिडिओ बघून ब्रेक पॅड घरी बदलले तर? पैसे वाचतील.
– वाचक, कोल्हापूर

पहिल्यांदा तरी नको. एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, फ्यूज, बल्ब खुशाल बदला. ब्रेक मात्र जाणत्या माणसाशेजारी उभं राहून शिका. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जाऊ नका. एअरबॅगची वायरिंग, सीएनजीची लाइन आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल यांना हातच लावायचा नाही.

पैसे वाचवायचा मार्ग वेगळा आहे. मॅन्युअलमधला सर्व्हिसचा तक्ता वाचा आणि बिलातली प्रत्येक ओळ त्याच्याशी ताडून बघा. तक्त्यात नसलेलं फ्लशिंग, कोटिंग, ट्रीटमेंट दिसलं तर ‘याची गरज का?’ विचारा. बदललेला पार्ट मागून घ्या. आणि जे खरंच लागतं ते टाळू नका: ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून बहुतेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

पावसात सोसायटीच्या तळघरात पाणी शिरलं. गाडी सीटपर्यंत बुडाली होती. आता वरून कोरडी दिसते. एकदा सेल्फ मारून बघू का?
– वाचक, सांगली

नका मारू. चावीही फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल आणि पिस्टन वर आला, तर हवेसारखं पाणी दाबलं जात नाही. जोर कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनच्या दांड्यावर) येतो आणि तो वाकतो. आत्तापर्यंत फक्त भिजलेलं इंजिन त्या एका सेल्फने निकामी होऊ शकतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तुमच्या भागात ‘एकदा बघू तरी’ म्हणून मारलेला सेल्फ बऱ्याच जणांना महागात पडला.

पेट्रोल किंवा डिझेल गाडी असेल, तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि गाडी टो करून न्या. इलेक्ट्रिक असेल, तर हात न लावता कंपनीच्या माणसालाच बोलवा. मेकॅनिकला आधी स्पार्क प्लग काढून (डिझेल असेल तर इंजेक्टर काढून) इंजिन हाताने फिरवायला सांगा, आणि इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचंही ऑइल तपासायला सांगा. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन आहे का, ते आजच बघा. पाणी शिरल्यावर सेल्फ मारून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारलं जातं. गाडी धुवायच्या आधी आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा, पाणी कुठपर्यंत चढलं ती चिखलाची रेष दिसेल असे.