संगणक आयगेनमूल्ये काढून देत असताना स्टर्मची तुलना आणि दोलन प्रमेये शिकण्यात अर्थ आहे का?

आपण विचारले आहे की एम.एस्सी.च्या अभ्यासात स्टर्म-लिऊव्हिल प्रकरणातील, म्हणजे दोन्ही टोकांवर अटी असलेल्या द्वितीय कोटीच्या अवकल समीकरणांच्या प्रकरणातील, हा भाग सोडून दिला तर काही बिघडते का. (समीकरणातील लॅम्डा या प्राचलाच्या ज्या मूल्यांना अटी पाळणारी शून्येतर उकल मिळते ती आयगेनमूल्ये, आणि ती उकल म्हणजे आयगेनफलन.) बिघडते. मी हे काहीशा रागाने लिहीत आहे, कारण नेमका हाच युक्तिवाद करून आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अभ्यासक्रम समितीच्या बैठकीत तो भाग वगळायला लावला होता. १८३६ सालचे गणित आज कशाला, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे त्यांच्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा अंतर्गत परीक्षक म्हणून मी बसलो. विषय होता दुहेरी विहिरीच्या, म्हणजे दोन खोलगट भाग आणि मध्ये भिंत असलेल्या, पोटेन्शियलची आयगेनमूल्ये. शूटिंग पद्धतीने, म्हणजे डाव्या टोकापासून उजवीकडे उकल काढत नेऊन, लॅम्डा ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्यायचा आणि उजव्या टोकावरील उकलीचे चिन्ह बदलले की तेथे आयगेनमूल्य आहे असे मानायचे, ही त्याची रीत. आलेख सुबक होते. परंतु 'पहिले' म्हणून दाखवलेले आयगेनफलन अंतरालाच्या आत अक्षाला दोनदा छेदत होते. हे पहिले कसे, असे मी विचारले, तेव्हा विद्यार्थ्याआधी सहकारीच उत्तरले, "प्रोग्रॅमने तसे दिले आहे."

दोलन प्रमेय सांगते की पहिल्या आयगेनफलनाला आत शून्य, म्हणजे अक्षाला छेदण्याची जागा, नसते, दुसऱ्याला एक असते, तिसऱ्याला दोन. म्हणजे ते तिसरे होते. मधली भिंत उंच असली की खालची दोन मूल्ये एकमेकांना जवळजवळ चिकटलेली असतात, आणि दोन्ही एकाच टप्प्यात सापडली तर चिन्ह दोनदा बदलून पूर्ववत होते व प्रोग्रॅमला काहीच कळत नाही. डाव्या टोकाची अट पाळणारी उकल घेऊन दिलेल्या लॅम्डासाठी तिची आतील शून्ये मोजली, तर त्या लॅम्डाच्या खाली किती आयगेनमूल्ये आहेत हे थेट मिळते. प्रूफरने १९२६ मध्ये उकल आणि तिचे अवकलज यांना त्रिज्या व कोन यांच्या रूपात मांडले, तेव्हापासून ही मोजणी फार सोपी झाली आहे: शून्यापाशी कोन नेहमी वाढतच असतो, त्यामुळे एकदा मोजलेले शून्य पुन्हा हिशेबात येत नाही, आणि उजव्या टोकावरील कोन लॅम्डाबरोबर काटेकोरपणे वाढत जातो. चांगले प्रोग्रॅम आतून हेच करतात, हे माझ्या सहकाऱ्यांना ठाऊक नव्हते, किंवा मान्य करायचे नव्हते.

तुलना प्रमेय सांगते की ज्या समीकरणात फलनाचा सहगुणक मोठा, त्याच्या उकलीची शून्ये अधिक जवळजवळ पडतात; त्याविषयी एकच उदाहरण देतो. शून्य कोटीच्या बेसेल फलनाला चलाच्या वर्गमुळाने गुणले की त्याच्या अवकल समीकरणातील पहिल्या कोटीच्या अवकलजाचे पद जाते आणि फलनाचा उरलेला सहगुणक सर्वत्र १ पेक्षा किंचित मोठा राहतो. साइनच्या समीकरणाशी तुलना केली की लगतच्या शून्यांमधील अंतर पायपेक्षा, म्हणजे ३.१४१६ पेक्षा, कमीच असले पाहिजे. पहिली तीन शून्ये २.४०४८, ५.५२०१ आणि ८.६५३७ आहेत, अंतरे ३.११५३ आणि ३.१३३६. संगणक हे आकडे देईल, पण पुढची सर्व अंतरेही पायच्या खालीच राहतील याची हमी त्याच्याकडे नाही.

एक खुलासा आधीच करायला हवा होता: शून्यांच्या संख्येचा हा नेमका मेळ द्वितीय कोटीच्या नियमित समीकरणांपुरता आहे, आणि प्रत्येक टोकाची अट फक्त त्याच टोकापुरती असली पाहिजे. दोन्ही टोकांना एकमेकांशी जोडणाऱ्या आवर्ती अटींखाली एकच मूल्य दोनदा येऊ शकते. आणि पडद्याच्या कंपनासारख्या द्विमितीय प्रश्नांत कुराँच्या प्रमेयाने आयगेनफलनाच्या शून्यरेषांनी पडणाऱ्या तुकड्यांच्या संख्येची फक्त वरची मर्यादा मिळते.

नेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात स्टर्म-लिऊव्हिल सीमामूल्य प्रश्न आहे, आणि तेवढ्यासाठी लंबता व आयगेनमूल्यांची वास्तवता बहुधा पुरेल. प्रकल्प करणार असाल, तर मात्र यादीतील प्रत्येक आयगेनफलनाचा आलेख काढून शून्ये मोजा; आणि त्याची गरज नाही असे मार्गदर्शक म्हणाले, तर पहिल्या फलनाची मोजणी त्यांनाच करायला सांगा.