वाचकांचे प्रश्न : बर्फातली रँच आणि चिखलदऱ्याच्या चार रूम

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं चिखलदऱ्याजवळ चार रूमचं राहण्या-जेवणाचं घर आहे, दोन म्हशी आणि एक बैलजोडी आहे. पावसाळ्यात अन् डिसेंबरात रूम पुरत नाहीत, मार्च लागला की सारं सुनं सुनं. भाच्यानं अमेरिकेतल्या डोंगरातल्या एका गेस्ट रँचचा (गुरं-घोड्यांच्या मोठ्या कुरणावर पाहुणे ठेवतात ती जागा) व्हिडिओ दाखवला, उन्हाळ्यात घोडे, हिवाळ्यात स्कीइंग म्हणजे पायाला लांब पट्ट्या लावून बर्फावर घसरणं, बाराही महिने पाहुणे. तो म्हणून राहिला का मामा आपणही दोन घोडे घेऊ अन् वर्षभर चालवू. त्यासाठी कर्ज काढावं लागते. तुम्ही तिकडे राहून आल्या म्हणून विचारतो.
(एक वाचक, चिखलदरा परिसर)

दादा, नमस्कार. आधी एक सांगते, कर्जाच्या कागदावर सही करायची घाई करू नका. व्हिडिओत जे दिसते ते खरंच आहे, पण बारा महिने गर्दी ही गोष्ट खरी नाही. तिथल्या बहुतेक रँच हिवाळ्यात सरळ कुलूप लावतात. ज्यांच्याकडे बर्फ भरपूर पडतो अन् स्कीच्या वाटा आखलेल्या आहेत त्याच डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत उघड्या राहतात, अन् त्याही वर्षातून दोनदा बंद होतात, एकदा एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून सगळा चिखल होतो तेव्हा (त्याला तिकडे मड सीझनच म्हणतात) अन् एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पानं गळून जातात पण बर्फ अजून आलेला नसतो तेव्हा. त्या बंदच्या आठवड्यांत कुंपणं दुरुस्त होतात, खोगिरांना तेल लागते, गाद्यांना ऊन दाखवतात, कामावरची माणसं घरी जाऊन येतात. ते आठवडे नसते तर पुढचा सीझन उभाच राहिला नसता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तीन वर्षं अमेरिकेतल्या कोलोरॅडोत होतो आणि दर हिवाळ्यात एका रँचवर चार-पाच दिवस जाऊन राहायचो. तिथल्या स्वयंपाकघरातल्या बाईशी माझी चांगली गट्टी जमली, म्हणून मी पाहुण्यांच्या आधी उठून तिच्यासोबत कॉफी प्यायची अन् खिडकीतून घोड्यांचं सगळं पाहायची. एक सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यासमोर आहे. बाहेर उणे 20 च्या आसपास, उजेड निळसर, अन् एक म्हातारा माणूस कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं पाण्याच्या हौदावरचा बर्फ फोडून राहिला होता. घोडे त्याच्या मागे रांगेत उभे, नाकाजवळच्या केसांवर त्यांच्याच श्वासाचा बर्फ गोठलेला, पांढऱ्या मिशा आल्यासारखा. पहिला घोडा प्यायला लागला तेव्हा तो म्हातारा हात बगलेत घालून तिथंच थांबला, सगळे पिऊन होईपर्यंत हलला नाही. त्या बाईनं सांगितलं की थंडीत घोडा पाणी कमी पितो, वर कोरडा चारा खातो, मग पोटात गोळा होऊन अडकते, त्यात घोडा जाऊ शकतो. म्हणून आधी पाणी, मग चारा.

आता हिशेब पाहा. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण 10 किलो सुका चारा लागतो, कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्त. तिथं उंचावरच्या कुरणात गवताची कापणी जुलै-ऑगस्टमध्ये होते, बहुतेक एकदाच, त्यावर सगळा हिवाळा काढायचा. म्हणून उन्हाळ्यातले सगळे घोडे हिवाळ्यात ठेवत नाहीत, बरेच खाली कमी बर्फाच्या कुरणात पाठवतात, वर राहतात ते फक्त बर्फगाडी ओढणारे अन् थोडे सवारीचे. म्हणजे दोन घोडे घेतले तर तुम्हाला रोजचा 20 किलो चारा, तोही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा तुमच्याकडे माणसांनाच पाणी पुरत नाही अन् आजूबाजूच्या गावांत टँकर येतो. तुमच्या म्हशींचं काय होईल मग?

हा धंदा निघाला कसा तेही सांगते. 1886-87 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या मैदानात इतकी थंडी अन् बर्फ पडला की गुरांचे कळपच्या कळप मेले, अनेक गुरेवाले बुडाले. डाकोटात ईटन नावाचे भाऊ होते, त्यांच्याकडे शहरातली ओळखीची माणसं त्याआधीपासूनच येऊन राहायची, इतकी की शेवटी राहण्या-जेवणाचे पैसे घेणं सुरू झालं. पुढे 1904 मध्ये ते वायोमिंगला वुल्फ इथं गेले, ती रँच अजून आहे. म्हणजे पाहुणे हा मुळात जोडधंदा, आपल्याकडे कपाशीत तूर घेतात तसा. गुरं, गवत अन् जमीन आधीची.

तुमच्याकडे आधीचं काय आहे? म्हशी आहेत. चिखलदऱ्याचा खवा अन् रबडी खायला लोक मुद्दाम घाट चढून येतात, तर पाहुण्यांना सकाळी धार काढताना बसू द्या, चुलीवर खवा आटताना दाखवा. डिसेंबर-जानेवारीत जवळच्या मोथा गावात स्ट्रॉबेरी असते, तिथल्या शेतकऱ्याशी बोलून ठेवा. अन् चिखलदऱ्यात आहेत तशी कॉफीची झाडं विदर्भात दुसरीकडे कुठं दाखवाल? रँचवर उन्हाळ्यात रविवार ते रविवार असं आठवड्याचंच बुकिंग घेतात, रोज चादरी बदलणं वाचते अन् माणसाची जागेशी ओळख होते, तुम्ही निदान दोन रात्रींची अट ठेवून पाहा.

अन् मार्चबद्दल. होळीला इथली कोरकू आदिवासी माणसं बाहेरगावच्या कामावरून घरी येतात, तुमच्याकडे कामाला असलेल्या बाया-पोरांनाही घरी जायचं असते. त्या आठवड्यात त्यांना अडवू नका, पगार कापू नका. पाहुण्यांना होळी दाखवतो म्हणून त्यांच्या पाड्यात गाड्या भरून नेणं मला अजिबात पटत नाही, त्यांनी स्वतः बोलावलं तर गोष्ट वेगळी. त्यानंतर जूनपर्यंत दोन रूम बंदच ठेवा, कौलं शाकारा, विहिरीतला गाळ काढा. भाच्याला हौस आहे तर त्याला बुकिंगचं काम द्या, त्याचं डोकं त्यात चांगलं चालेल असं वाटते.

प्रश्न : मी वरूडची, वय 24. बर्फ कधी पाहिला नाही पण स्कीइंग शिकायचंच आहे. कुठं जाऊ, कधी जाऊ, अन् जमेल का? घरी संत्र्याचा मृग बहार आहे, फेब्रुवारीत तोडणीला बाबांना माझी गरज असते.

जमेल गं, नक्की जमेल. जानेवारीत जा. मनालीला सरकारी पर्वतारोहण संस्था आहे, गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन खात्याची स्कीइंगची संस्था आहे अन् औलीला गढवालच्या सरकारी पर्यटन मंडळाचे कोर्स असतात. 14 दिवसांचा बेसिक कोर्स कर, हौसेखातर दोन तासांचं भाड्याचं स्की नको, त्यात फक्त फोटो निघतात. औलीसाठी ऋषिकेशहून साधारण 250 किलोमीटर घाटाचा रस्ता आहे, जोशीमठपर्यंत, अन् 2023 च्या जानेवारीत तिथं जमीन खचली तेव्हापासून रोपवे बंद आहे, त्यामुळे वर गाडीनं जावं लागते. बर्फाचा भरवसा मात्र धरू नको, 2025 च्या फेब्रुवारीत खुद्द गुलमर्गला बर्फ कमी म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा मार्चवर ढकलाव्या लागल्या. म्हणून परतीच्या तिकिटात दोन-तीन दिवस मोकळे ठेव.

स्कीचे दोन प्रकार समजून घे. उताराच्या स्कीइंगमध्ये बूट पुढून-मागून पट्टीला घट्ट बसतो, आपल्याकडे कोर्समध्ये हेच शिकवतात. त्या रँचवर जास्त चालते ते क्रॉस-कंट्री, त्यात बुटाचा फक्त पुढचा भाग अडकवलेला, टाच मोकळी, पट्टी अरुंद, खालून माशाच्या खवल्यासारखी नक्षी असते म्हणजे मागे रेटलं की पकडते अन् पुढे घसरते. रात्री मशीन फिरून बर्फात दोन समांतर चर पाडून ठेवते, सकाळी त्यात पाय टाकून निघायचं, झाडांत कुठं काही आवाज नाही, फक्त आपल्या पट्ट्यांचा. मला तेच आवडलं. पण तू उतारावरच शीक, थांबायला आधी शीक : पुढची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकवून आतल्या कडांवर वजन. पडलीस तर घाबरून लगेच उठू नको, आधी दोन्ही पट्ट्या उताराला आडव्या, आपल्या खालच्या बाजूला आण, मग गुडघ्यावर ये, मग उभी राहा. मी पहिल्या दिवशी हे न करता उठायला गेले अन् चार वेळा खाली घसरत गेले.

एक गोष्ट आपल्या लोकांना पटत नाही पण ऐक. आपण कापूस पिकवणारी माणसं, पण बर्फात अंगाला लागून सुती कपडा घालायचा नाही. घाम सुतात मुरते, वाळत नाही अन् थांबलं की अंग गार पडते. आतून लोकरी किंवा पॉलिस्टरचं, जीन्स तर घरीच ठेव. गॉगल लाव, बर्फावरून ऊन उलटं येते, हनुवटीच्या खालची कातडी जळते. पहिला दिवस उंचीचा आहे म्हणून नुसता फिर, पाणी पी. अन् नोव्हेंबरपासून रोज उठाबशा अन् भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, मांड्या तयार झाल्या की अर्धं काम झालं.

प्रश्न : मुलगी जिद्द धरून बसली आहे. एकटीला इतक्या थंडीत पाठवावं का? खाण्याचं काय? (वरूडच्याच मुलीची आई)

काकू, तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं, घरात काय चाललं असेल ते समजलं मला. ती एकटी नसते हो, कोर्समध्ये बॅच असते, शिकवणारे सोबत असतात, सकाळी हजेरी होते. कोर्सला जाण्याआधी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागते, ते नीट तपासून घ्या, दम्याचा त्रास असेल तर आधीच सांगा. थंडीत भूक फार लागते, म्हणून सोबत तिळगुळाच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू अन् दशम्या द्या. लाडू जास्त द्या, बॅचमधली पोरं पहिल्या तीन दिवसांत संपवतात.