मोटर बदलण्याआधी लिंकेज हलवून पाहा

जूनची पहिली सर पडली की गावोगावचे वाचक एकच विचारतात: वायपर चालत नाही, मोटर बदलू का? त्यातले काही प्रश्न इथे घेतो.

मोटरचा आवाज येतो, डावा वायपर चालतो, पण ड्रायव्हरकडचा जागचा हलत नाही. मोटर गेली का? (सांगली)

नाही. वायपरच्या आर्मचा (ब्लेड धरणाऱ्या दांड्याचा) नट सैल झाला असेल किंवा लिंकेजचा, म्हणजे मोटरपासून वायपरपर्यंत जाणाऱ्या पट्ट्यांचा, जोड निखळला असेल. नट आवळूनही फरक पडला नाही तर मेकॅनिकला दाखवा.

वायपरचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून गॅरेजवाल्याने जास्त अँपिअरचा टाकला. चालेल ना? (नांदेड)

चालणार नाही. आजच काढा. फ्यूज उडाला नाही तर वायर जळेल. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मूळ दोष शोधून घ्या.

वायपर फास्टवरही रखडत चालतो. गेल्या पावसाळ्यात नवी मोटर टाकली, तीही तापून बंद पडते. आता कोणत्या कंपनीची घेऊ? (मालवण)

कंपनीचं नंतर बघू. मोटर बदलताना लिंकेजला कोणी हात तरी लावला होता का? बहुधा नाही, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

मोटर गोल फिरते. तिच्या क्रँकला जोडलेल्या पट्ट्या ते फिरणं मागे-पुढे करून दोन स्पिंडलना देतात आणि स्पिंडलवर आर्म बसतात. हे स्पिंडल काचेखालच्या जाळीतून वर आलेले असतात, म्हणजे ऊन, धूळ, पाणी सगळं त्यांच्याच डोक्यावर. दिवाळीपासून मेपर्यंत वायपर क्वचित फिरतो, ग्रीस सुकतं. तुमच्याकडे खारी हवा गंज चढवते. स्पिंडल जड झाला की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. मग दुकानदार नवी मोटर विकतो, ती त्याच जाम लिंकेजला जुंपली जाते आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा गिऱ्हाईक!

म्हणून लिंकेज मोटरपासून सोडवून हाताने हलवायला सांगा. ते सहज हललं पाहिजे. मग मोटर एकटी चालवून बघा. लिंकेज जड लागलं आणि मोटर दोन्ही स्पीडला नीट फिरली, तर दोष बहुधा लिंकेजचा आहे. वरून स्प्रे मारून काम भागतं, ही ऐकीव गोष्ट. चार दिवस बरं वाटतं, एवढंच. पट्ट्यांच्या सांध्यांतले (बॉल जॉइंटचे) प्लॅस्टिक बुश झिजले असतील तर तेवढेच मिळतात का विचारा. बऱ्याच गाड्यांना ते सुटे मिळत नाहीत, तिथे ‘पूर्ण असेंब्लीच घ्या’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. पण काढलेला जुना भाग बघायला मागाच. जाळीखालची पाणी जायची भोकंही साफ करून घ्या. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांकडे ती पानांनी बुजतात आणि पाणी मोटरपर्यंत चढतं.

हे सगळं मे महिन्यात करायचं असतं. आता तरी पुढच्या सरीची वाट बघू नका.

कुर्ल्याला जुनी मोटर स्वस्तात मिळते. घेऊ? (ठाणे)

पार्ट नंबर आणि प्लग जुळत असेल, दुकानातच दोन्ही स्पीड आणि पार्किंग (बंद केल्यावर आपल्या जागेवर येऊन थांबणं) चालवून दाखवत असतील, तर विचार करा. मी घेणार नाही.

बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबतो. (लातूर)

मोटरमधला पार्किंग स्विच किंवा त्याची वायर. इलेक्ट्रिशियनला दाखवा.

मोटर आणि लिंकेज घरीच बदलता येईल का? (पुणे)

हात बसलेला असेल तर येईल. आर्म कुठे टेकतात तिथे काचेवर टेपची खूण करा. बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय लिंकेजमध्ये हात घालू नका. कोणी चुकून स्विच दाबला तर बोट जाईल. नवी मोटर बसवल्यावर आर्म न लावता एकदा चालवून बंद करा. ती पार्किंगला येऊन थांबली की मगच खुणेवर आर्म बसवा, नाहीतर ते काचेच्या बाजूच्या पिलरवर (खांबावर) आपटतात. ब्लेड काढलेला आर्म काचेवर सटकला तर काच तडकते, खाली टॉवेल घाला. रेन सेन्सरची गाडी असेल किंवा ही पहिलीच वेळ असेल, तर सर्व्हिस सेंटर गाठा.

घाटात वायपर बंद पडला तर काचेला तंबाखू चोळून गाडी काढता येते म्हणतात. खरं? (कराड)

असल्या भरवशावर घाट उतरू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०१ नुसार चालू वायपर सक्तीचा आहे. वळण आणि दरडीची जागा सोडून गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, पाऊस ओसरेपर्यंत थांबा किंवा टोइंग बोलवा. विम्यात रस्त्यावरची मदत घेतली असेल तर तो नंबर निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये असू द्या.